मुक्या माशाची कैफियत

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील नऊ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाच्या भेटीदाखल काचेचा एक गोल वाडगा, त्याच्या तळाशी निळ्या खड्यांचा थर आणि त्यात दोन बोटे लांबीचा एक सोनेरी मासा अशी मोठी साजरी वस्तू मिळाली, त्याला आता वर्ष होऊन गेले. आठव्या दिवशी सकाळी तो मला बोलवायला आला आणि कौतुकाने सांगू लागला, "काका, हा किती खादाड आहे बघा ना! सारखा वर येऊन तोंड उघडतोय. मी तीनदा खाऊ घातला तरी मागतोच आहे." मी जाऊन वाकून पाहिले. मासा पाण्याच्या पृष्ठभागाला ओठ टेकवून तिरपा उभा होता, त्याचे कल्ले भात्यासारखे भरभर हलत होते, पाठीवरचा पर मिटून अंगाला चिकटला होता, आणि तळाच्या खड्यांवर फुगून पांढरे पडलेले खाद्याचे दाणे विखुरले होते. पाण्याला उग्र, कुबट दर्प येत होता. जी हालचाल त्या बालकाला भूक वाटली ती प्राणवायूसाठी चाललेली धडपड होती. मायेने टाकलेला प्रत्येक दाणा त्या पाण्यात कुजून विष होत होता. होते तेवढे पाणी बदलून पाहिले, पण वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मासा गेला. मुलगा हमसून हमसून रडू लागला, तेव्हा आजीने त्याला पोटाशी धरले आणि म्हटले, "रडू नको बाळा, आपल्या घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं."

हे सांत्वन महाराष्ट्रातील कितीतरी घरांत ऐकू येते, आणि ज्या वत्सलतेतून ते उमटते तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु माझी तक्रार अशी आहे की, या एका वाक्याने सारा तपासच बंद होतो. घरात एक मृत्यू घडतो, त्याचा पंचनामा होत नाही, कारण विचारले जात नाही, आणि पुढच्या रविवारी त्याच वाडग्यात, त्याच पाण्यात दुसरा मासा येऊन पडतो. घरावरचे संकट त्या माशाने खरोखरच अंगावर घेतलेले असते. फक्त ते संकट आपण स्वतः निर्माण केलेले असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

सोनेरी मासा अल्पायुषी आहे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातील हा प्राणी. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी चीनमधील एका करड्या-हिरवट रानमाशाच्या प्रजेत कधीमधी उपजणारी तांबूस-पिवळी पिल्ले बौद्ध विहारांच्या पुष्करिणींत अभय देऊन सोडली जात. पुढे सुंग राजवटीच्या काळात श्रीमंतांच्या उद्यानांत त्यांची निगुतीने पैदास होऊ लागली, आणि शतकानुशतकांच्या निवडीतून आजची ही सोनेरी जात सिद्ध झाली. याचा अर्थ असा की, या माशाचा माणसाशी असलेला संबंधच मुळी करुणेतून जन्माला आला. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, आणि वीतभर किंवा त्याहूनही अधिक वाढतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा मासा १९९९ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी वारला. तोही जत्रेतलाच मासा होता. त्याच्या पाण्याकडे मात्र कोणीतरी त्रेचाळीस वर्षे लक्ष पुरविले होते. तेव्हा आठ दिवसांत, पंधरा दिवसांत मेलेला मासा आयुष्य संपून मेला असे म्हणणे म्हणजे पाळण्यातले मूल वार्धक्याने गेले असे म्हणण्यासारखे आहे.

मत्स्य आणि मनू यांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते, पण तिच्यातील एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि त्याने अभय मागितले; मनूने त्याला घटात ठेवले. मासा वाढला, घट अपुरा पडला. शतपथ ब्राह्मणात मनू त्याला घटातून खड्ड्यात आणि तेथून समुद्रात नेतो. महाभारतात घट, वापी, गंगा आणि सागर असा तोच प्रवास सांगितला आहे. प्रलयाची आणि नौकेची गोष्ट पुढची. तिच्याआधी पात्र बदलण्याची गोष्ट येते. ज्याला अभय दिले तो वाढणार, आणि तो वाढला की त्याच्या निवाऱ्याची तजवीज पालकाने पुनःपुन्हा केली पाहिजे, हा त्या कथेतील पालनधर्म आहे. मनूने मासा घटातच ठेवून त्याच्या रंगरूपाचे कौतुक केले असते, तर प्रलयाच्या वेळी नौका ओढायला कोणी उरलेच नसते.

आता त्या वाडग्यात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याचा मल आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया मिसळत असतो. नदीत किंवा तळ्यात तो अपार पाण्यात विरून जातो; तीन लिटरांच्या वाडग्यात त्याला जायला वाट नसते. निसर्गाने यावर एक व्यवस्था केली आहे. तळाच्या वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वसणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण ही वसाहत नव्या पाण्यात नीट वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण मात्र सकाळी टाकी विकत आणून संध्याकाळी तीत मासे सोडतो. परिणामी पहिल्या आठवड्यात अमोनियाने कल्ले पोळतात, आणि त्यातून मासा वाचलाच तर पुढे नायट्राइट त्याच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. तेव्हा पाण्यात हवा असूनही तो गुदमरतो. उष्णतेचा जाच आणखी निराळा. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो, आणि सोनेरी मासा तर अठरा ते चोवीस अंशांच्या गारव्यात सुखावणारा. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात खिडकीशी ठेवलेल्या वाडग्यातील माशाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना यावरून करावी.

हे सारे मी पुस्तकी अधिकाराने सांगत नाही. फार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी स्वतः आमच्या घरची काचेची टाकी रिकामी केली, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख होईपर्यंत चोळून धुतला, ताजे पाणी भरले आणि चार मासे पुन्हा सोडले. टाकी आरशासारखी दिसत होती. भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत चारही मासे गेले. ज्या बुळबुळीत थराला मी घाण समजलो तोच त्यांचा रक्षणकर्ता होता, आणि ज्या नळाच्या पाण्याला मी शुद्ध समजलो त्यातील क्लोरीनने उरलेसुरले जीवाणू मारून माशांचे कल्लेही जाळले होते. माझ्या हेतूत काही खोट नव्हती. परंतु पाळणाऱ्याचा हेतू माशाला पोहोचत नाही. त्याला पोहोचते ते फक्त पाणी.

म्हणून मासा पाळणे याचा खरा अर्थ पाणी पाळणे हा आहे, आणि त्याची तजवीज अवघड नाही. गोल वाडग्याऐवजी आडवे, पसरट पात्र घ्यावे, कारण हवेशी जितका अधिक पृष्ठभाग भिडेल तितका प्राणवायू अधिक विरघळतो. पहिल्या माशासाठी जाणकार साधारण ७५ लिटर पाणी धरतात आणि पुढच्या प्रत्येक माशासाठी आणखी तीस-चाळीस लिटरांची भर घालतात. आठवड्यातून एकदा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे, सगळे कधीच बदलू नये. नवे पाणी अँटिक्लोरीनचे थेंब घालून आणि जुन्या पाण्याइतकेच कोमट किंवा गार करूनच ओतावे. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा. सोनेरी माशाला जठर नसते, त्यामुळे एका वेळी पोटात साठवून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा-दोनदा द्यावे, आणि बिस्किटाचा चुरा, पोळीचे तुकडे, कुरमुरे यांचा आग्रह कटाक्षाने टाळावा. नवा मासा आणला की त्याला दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावे. साथीच्या दिवसांत गावात येणाऱ्या पाहुण्याला वेशीबाहेर थांबवीत त्यामागे जे शहाणपण होते तेच येथेही आहे.

एवढे करूनही आजार येतात, आणि येथे पालकाची खरी कसोटी लागते. कुत्रा कण्हतो, गाय हंबरते, मांजर कोपरा धरून बसते. मासा मुका आहे, आणि तरीही त्याची कैफियत त्याच्या अंगावर इतकी स्पष्ट लिहिलेली असते की, रोज सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी पाच मिनिटे टाकीसमोर स्वस्थ बसणाऱ्याला ती वाचता येते. निरोगी माशाच्या पाठीवरचा पर उभारलेला असतो, कल्ल्यांची हालचाल संथ असते, आणि माणसाची चाहूल लागताच तो काचेशी येतो. तो पर मिटून अंगाला चिकटला, मासा तळाशी किंवा कोपऱ्यात बसून राहू लागला, तर काहीतरी बिनसले आहे असे निश्चित समजावे. पृष्ठभागावर ओठ टेकवून धापा टाकणे ही प्राणवायूच्या तुटवड्याची, अमोनियाची किंवा नायट्राइटची फिर्याद असते. एकाएकी खड्यांवर अंग घासून चमकन वळणे हे परोपजीवींच्या खाजेचे लक्षण. अंगावर आणि परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मात्र ठिपके केवळ कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीने असतील, तर तो विणीच्या हंगामातला नर असण्याचा संभव मोठा, आणि अशा धडधाकट माशाला औषधांनी हैराण करणारे लोक मी पाहिले आहेत. परांच्या कडा झिजून फाटलेल्या चिंधीसारख्या होणे, त्यांत तांबड्या रेषा उमटणे हे बहुधा दूषित पाण्यात बळावलेल्या जंतूंचे काम असते. अंगाला दोऱ्यासारखा तंतू लोंबताना दिसला तर तो नांगर-कृमी होय. एकाएकी उमटलेले काळे डाग पुष्कळांना रंगपालट वाटतात; ते अनेकदा अमोनियाने पोळलेल्या कातडीच्या भरत आलेल्या खुणा असतात, म्हणजे मागे घडून गेलेल्या अपराधाचा तो पुरावाच. ओरांडा, रँचू अशा आखूड, गोलमटोल जातींचे मासे कधी उलटे तरंगतात. त्यांच्या घडणीमुळे आतला वाताशय दाटतो, आणि अशा वेळी एक दिवस उपवास, नंतर साल काढून उकडलेला मटाराचा दाणा आणि पाण्यात बुडणारे, भिजविलेले खाद्य यांनी कित्येकदा गुण येतो. परंतु पोट फुगून सारे खवले उभे राहिले, आणि वरून पाहता मासा अननसाच्या सालीसारखा दिसू लागला, तर मूत्रपिंडांचा कारभार थांबत आला आहे असे समजावे. ही शेवटच्या पानावरची ओळ आहे, आणि येथवर येण्यापूर्वीची पाने आपण वाचली नाहीत याची ती जाणीव देते.

लक्षण दिसताच आपला हात औषधाच्या निळ्या बाटलीकडे जातो. तो आधी बादलीकडे गेला पाहिजे. पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच आता सहज मिळतात. दोहोंचे प्रमाण शून्य असले पाहिजे. ते तसे नसेल तर तिसरा हिस्सा पाणी बदलणे हाच पहिला उपचार, आणि पुष्कळ वेळा तोच पुरेसा होतो. निळे औषध मुख्य टाकीत ओतल्यास रोगजंतूंबरोबर ते उपकारक जीवाणूही मरतात. म्हणून औषधयोजना वेगळ्या टबातच करावी. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो परजीवी माशाच्या कातडीत असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. तळाशी गळून, शेकडोंनी वाढून, नवा मासा शोधीत पोहू लागतो तेव्हाच तो मरतो. यासाठी ठिपके अदृश्य झाले म्हणून उपचार थांबविणे म्हणजे शत्रू खिंडीत दडला असताना वेढा उठविणे होय. अशा वेळी पांढरे ठिपके आलेला मासा मुख्य टाकीतच इतरांत राहिला असेल, तर ती सगळी टाकीच आजारी आहे असे धरून चालावे. दुबळ्या माशाला लिटरमागे एक ते तीन ग्रॅम साधे जाडे मीठ हळूहळू विरघळवून दिल्याने आधार मिळतो. आणि घरातल्या माणसांच्या औषधांतील उरलेल्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती अजिबात बंद झाली पाहिजे. माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. मासा नकोसा झाला म्हणून तो नदीत वा तळ्यात सोडून देण्यातही पुण्य नाही. हा परदेशी मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तेथल्या मूळ रहिवाशांच्या तोंडचा घास काढतो.

येथवर जे सांगितले ते प्रत्येकाच्या घरापुरते. परंतु हा प्रश्न केवळ घरगुती नाही. १९६० साली आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा केला, त्यात प्राणी या शब्दाची व्याख्या माणसाखेरीज कोणताही सजीव अशी आहे. मासा त्या व्याख्येच्या बाहेर नाही. त्याच कायद्याचे ११ वे कलम, ज्या पिंजऱ्याची किंवा पात्राची उंची, लांबी, रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्याइतकी नसेल त्यात त्याला कोंडणे ही क्रूरता मानते. वीतभर वाढणाऱ्या आणि दशकभर जगणाऱ्या माशाला वीतभर व्यासाच्या काचेत ठेवणे या कलमाच्या शब्दांत बसत नसेल तर दुसरे काय बसते, हे मला समजत नाही. इटलीतील मोंझा नगराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल वाडग्यात मासे ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडे नव्या कायद्याची गरज नाही. आहे त्या कायद्याचा अर्थ मनावर घेण्याची आहे. जत्रेत आणि प्रदर्शनांत प्लास्टिकच्या पिशवीतील मासा बक्षीस म्हणून देणे, वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या हाती परतभेट म्हणून तो ठेवणे, आणि दुकानांतून वाडगा व मासा यांची जोडी विकणे, या तिन्ही गोष्टी बंद व्हाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदाराने प्रत्येक माशाबरोबर मराठीत छापलेला अर्धा कागद द्यावा: हा किती वाढेल, किती जगेल, त्याला किती पाणी लागेल, पहिले सहा आठवडे काय करावे. एवढ्याने त्याचा व्यवसाय बुडणार नाही. ज्याच्या घरी मासे जगतात तोच गिऱ्हाईक म्हणून टिकतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, मोठी टाकी परवडत नाही, मग गरिबाच्या मुलाने मासा पाळूच नये काय? त्याला उत्तर असे की, प्लास्टिकचा मोठा टब, वाड्यातला जुना हौद, गच्चीच्या सावलीतली सिमेंटची टाकी ही सारी वाडग्याहून कितीतरी चांगली घरे आहेत. चीनमध्येही हे मासे प्रथम तळ्यांत आणि मग मातीच्या रुंद रांजणांत, वरून पाहण्यासाठीच ठेवले जात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या किनाऱ्यावर रोज टोपल्यांनी मासळी विकली जाते आणि ताटात आवडीने वाढली जाते, तेथे एका माशाच्या श्वासाविषयी इतका जीव का टाकावा? मी या आक्षेपाला टाळू इच्छीत नाही. जो मासा खाल्ला जातो त्याच्याशी आपण काही करार केलेला नसतो. परंतु ज्याला आपण नाव दिले, घरात आणले, ज्याची हवा, अन्न आणि ऊब सर्वस्वी आपल्या हाती घेतली, त्याच्याशी आपला करार झालेला असतो. तो पळून जाऊ शकत नाही, दुसरीकडे दाद मागू शकत नाही. त्याच्या बाबतीत सरकारही आपणच आणि न्यायाधीशही आपणच. म्हणूनच त्याची कैफियत वाचण्याची जबाबदारीही दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, दैवावर तर नाहीच.

शेजारच्या त्या मुलाचा वाडगा त्याच्या आईने आता मनीप्लांटसाठी वापरात घेतला आहे. गॅलरीतल्या सावलीत ऐंशी लिटरांचा एक निळा टब आला, त्यात स्पंजाचा फिल्टर दीड महिना आधी लागला, आणि मग एक मासा आला. त्याला आता सात महिने झाले. आजी रोज संध्याकाळी टबाजवळ पाट मांडून बसते. मुलाने एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर माशाची रोजनिशी सुरू केली आहे, आणि परवा त्याने ती मला मोठ्या विश्वासाने वाचायला दिली. वैशाखातल्या एका दिवसाखाली पेन्सिलीने लिहिले होते: "सकाळी पंख मिटलेले. पाणी गरम लागलं. खाऊ दिला नाही. दोन बादल्या पाणी बदललं. संध्याकाळी पंख उघडले."